औषधाच्या चिठ्ठीवरचे आणि वेष्टनावरचे शब्द : आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांसाठी चर्चा

खलबत्ता :

परिचर्या, भौतिकोपचार, प्रयोगशाळा-तंत्रज्ञान अशा शाखांच्या पहिल्या वर्षात औषधांविषयीच्या शब्दांची एक लांबलचक यादी विद्यार्थ्यांच्या हाती पडते आणि ते ती परीक्षेपुरती पाठ करतात. औषधालयात बसून पुष्कळ वर्षे चिठ्ठ्या तपासल्यानंतर माझे असे मत झाले आहे की हे शब्द यादीने शिकण्याचे नाहीतच. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या चुकीला अटकाव करण्यासाठी टिकून राहिलेला आहे. ती चूक एकदा समजली की शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. म्हणून या धाग्यात प्रत्येकाने शब्दाची व्याख्या देण्याआधी, तो शब्द नीट न कळल्यास नेमके काय बिघडते हे सांगावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुविरोधी औषध द्रवरूपात विक्रीस आले. ते विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरले गेले होते, आणि त्यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक लहान मुले होती. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवावे, अशी अट तेव्हाच्या तिथल्या कायद्यात नव्हती. तरीही सरकारला तो साठा जप्त करता आला, तो एका शब्दाच्या आधाराने. बाटलीवर ‘एलिक्झर’ असे छापलेले होते, एलिक्झर म्हणजे अल्कोहोल असलेले गोड द्रावण, आणि त्या बाटलीत अल्कोहोल नव्हते. त्याऐवजी नुसते ‘द्रावण’ असे छापले असते तर जप्तीला कायद्याचा आधारच मिळाला नसता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, कायदा बदलला आणि सुरक्षिततेचा पुरावा आधी मागितला जाऊ लागला.

या एका घटनेत दोन संज्ञा दडलेल्या आहेत. शरीरावर अपेक्षित परिणाम करते ते औषधद्रव्य, आणि त्याला गोळीचे, सिरपचे किंवा मलमाचे रूप देण्यासाठी जे मिसळले जाते ती सहायक द्रव्ये. सहायक द्रव्यांना काही ठिकाणी ‘निष्क्रिय घटक’ असे म्हणतात, परंतु मला तो शब्द फसवा वाटतो, कारण १९३७ मध्ये माणसे मारली गेली ती औषधद्रव्यामुळे नव्हे, त्या तथाकथित निष्क्रिय द्रावकामुळे.

आता नावांकडे वळू. एका औषधाला साधारणपणे तीन नावे असतात : रसायनशास्त्राचे लांबलचक नाव, जगभर चालणारे जेनेरिक नाव आणि कंपनीने दिलेले ब्रँडचे नाव. विद्यार्थ्याने शिकायचे ते मधले. सर्दीतापाच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल असते हे ठाऊक नसलेला रुग्ण तिच्या जोडीला पॅरासिटामॉलची वेगळी गोळीही घेतो, आणि दोन वेगळ्या ब्रँडांच्या आड एकच द्रव्य दुप्पट पोटात जाते. प्रौढांसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते, आणि ती ओलांडण्याची किंमत यकृताला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा जेनेरिक नावे ठरवण्याचा उपक्रम १९५० साली सुरू झाला आणि पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. तरीही काही जुनी दुहेरी नावे उरलीच. पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होते आणि साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते, त्यामुळे तिकडची पुस्तके वाचताना जपावे.

जेनेरिक नावांचा मोठा लाभ म्हणजे त्यांची शेपटी. ‘ओलॉल’ने संपणारी औषधे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी, असतात, ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ने संपणारी प्रामुख्याने रक्तदाबासाठी व हृदयासाठी असतात, ‘व्हास्टॅटिन’ने संपणारी कोलेस्टेरॉलसाठी असतात. मात्र शेपटी पूर्ण वाचावी लागते. ओमेप्राझोल पोटातील आम्ल कमी करते, फ्लुकोनाझोल बुरशीवर चालते, मेट्रोनिडाझोल काही जिवाणूंवर व परजीवींवर चालते आणि अॅरिपिप्राझोल मनोविकारांत दिले जाते. चौघांच्या शेवटी ‘झोल’ आहे म्हणून त्यांना एका माळेत ओवणारे उत्तर दरवर्षी कोणीतरी लिहितेच. देवनागरीत आणखी एक अडचण होते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही नावे आपण सारखीच लिहितो. रोमन लिपीत मात्र एकात वाय आणि दुसऱ्यात आय असतो, कारण ती दोन वेगळ्या सूक्ष्मजीवांपासून मिळाली आहेत.

पुढचे शब्द प्रश्नांच्या ओघात घेऊ.

प्रथमवर्ष :

माझा प्रश्न फार प्राथमिक आहे. आम्हाला ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा असे शिकवले. नेत्रविभागात गेल्यावर एका कागदावर थेंबांच्या नावापुढे ओडी लिहिलेले होते आणि त्याच्यापुढे पुन्हा ‘चार वेळा’ असे होते. एकदा आणि चारदा हे दोन्ही एकाच ओळीत कसे असू शकते, हे मला विचारण्याचे धैर्य झाले नाही.

रात्रपाळी :

धैर्य झाले नाही हे खरे असले तरी शंका अगदी योग्य होती. ही सारी आद्याक्षरे लॅटिनमधून आली आहेत. ‘ओम्नी दिए’ म्हणजे दररोज, आणि त्याची आद्याक्षरे ओडी. नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर तीच अक्षरे ‘ओक्युलस डेक्स्टर’ म्हणजे उजवा डोळा या अर्थाने येतात. तुम्ही पाहिलेल्या ओळीचा अर्थ ‘उजव्या डोळ्यात, दिवसातून चार वेळा’ असा होता. एचएस या अक्षरांचेही तसेच आहे : ‘होरा सोम्नी’ म्हणजे झोपताना, पण काही ठिकाणी तेच ‘निम्म्या तीव्रतेचे’ या अर्थाने वापरले गेले आणि घोटाळे झाले.

दुसरे असे की ‘दिवसातून तीन वेळा’ आणि ‘दर आठ तासांनी’ हे एकच नाही. पहिल्यात रुग्ण सकाळी, दुपारी आणि रात्री घेतो, आणि रात्रीपासून सकाळपर्यंतचे अंतर मोठे राहते. बऱ्याच औषधांना ते चालते. परंतु ज्या औषधाची रक्तातील पातळी खाली जाऊ द्यायची नसते, ते घड्याळाप्रमाणे द्यावे लागते, आणि तेव्हा आम्ही रुग्णाला मध्यरात्री उठवतो.

एसओएस म्हणजे ‘गरज पडल्यास’. माझ्या दृष्टीने चिठ्ठीवरचा सर्वांत अपुरा शब्द हाच आहे. कशासाठी गरज, दोन मात्रांमध्ये किमान किती अंतर, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा, या तीन गोष्टी सोबत नसतील तर ती सूचना पूर्ण झाली असे मी मानत नाही आणि लिहिणाऱ्याकडे परत जाऊन विचारते.

साशंक :

मग ही लॅटिन आद्याक्षरे शिकवावीतच कशाला? जी अक्षरे दोन अर्थांनी वाचली जातात आणि त्यामुळे रुग्णाला इजा होते, ती अभ्यासक्रमातूनच काढून टाकावीत, असे मला वाटते. ‘दिवसातून एकदा’ असे लिहायला कितीसा वेळ लागतो?

खलबत्ता :

लिहिण्यापुरते तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, वाचण्यापुरते नाही. जुन्या सवयीने लिहिलेले कागद रोज समोर येणार आहेत आणि ते वाचता न येणारा विद्यार्थी अंदाज बांधू लागेल, जे त्याहून वाईट. वाचता सगळे यावे आणि लिहिताना त्यातले अगदी थोडे वापरावे.

काही खुणा तर लिहायच्याच नाहीत असे ठरून गेले आहे. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये अशा खुणांची एक यादी लागू केली. युनिट या शब्दाऐवजी रोमन लिपीतील नुसते ‘यू’ लिहू नये, कारण ते घाईच्या अक्षरात शून्यासारखे दिसते आणि चार युनिटांचे चाळीस होतात. पूर्णांकानंतर दशांशचिन्ह देऊन शून्य लिहू नये, कारण १.० हे १० असे वाचले जाते. उलट एकाहून लहान संख्येआधी शून्य लिहायलाच हवे, कारण .५ मधील ठिपका पुसट झाला की ५ उरतात. काना-मात्रा चुकली तर शब्द बिघडतो. इथे ठिपका चुकला तर खरोखरीची मात्रा दहापट होते. मायक्रोग्रॅमसाठीचे ग्रीक अक्षर हाताने लिहिले की त्याचे ‘मिलि’ होते आणि चूक हजारपटीची होते, म्हणून तो शब्द पूर्ण लिहावा. थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन २५, ५०, १०० अशा मायक्रोग्रॅममध्येच येते, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे.

नावांच्या बाबतीतही असेच झालेले आहे. ओमेप्राझोल अमेरिकेत प्रथम लोसेक या ब्रँडने आले. हाताने लिहिलेले ते नाव लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, असे वाचले जाऊ लागले आणि १९९० मध्ये तिथे ब्रँडचे नाव बदलून प्रिलोसेक करावे लागले. आम्लाचे औषध हवे असताना लघवी वाढवणारे औषध मिळाले तर काय होईल, याची कल्पना करा.

थेंबेथेंब :

मी शिकवण्याचे काम करतो आणि माझ्या अनुभवात विद्यार्थी व्याख्यांत अडखळत नाहीत, ते ‘तीव्रता’ या एका शब्दावर अडखळतात. औषधाची मात्रा म्हणजे रुग्णाच्या शरीरात किती द्रव्य जायचे. तीव्रता म्हणजे हातातल्या गोळीत किंवा एका मिलिलीटरमध्ये किती द्रव्य आहे. आणि परिमाण म्हणजे त्यासाठी प्रत्यक्ष किती गोळ्या किंवा किती मिलिलीटर द्यायचे. या तिघांची गल्लत झाली की गणित बरोबर येऊनही उत्तर चुकते.

केवळ सरावापुरते उदाहरण घेऊ. मूल १२ किलो वजनाचे आहे आणि पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. मात्रा झाली १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ‘५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे असेल तर ७.५ मिलिलीटर द्यावे लागतील. ‘५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर ३.६ मिलिलीटर, आणि तान्ह्या मुलांसाठीचे थेंब ‘१ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम’ असे असतील तर फक्त १.८ मिलिलीटर. तिन्ही बाटल्यांवर ‘पॅरासिटामॉल’ हेच नाव मोठ्या अक्षरात आहे. ‘मागच्या वेळी साडेसात दिले होते’ असे आठवून कोणी थेंबांच्या बाटलीतून ७.५ मिलिलीटर दिले तर त्या मुलाला ७५० मिलिग्रॅम मिळतील, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या चौपटीहून जास्त. म्हणून ‘किती मिलिलीटर देऊ?’ या प्रश्नाला तीव्रता विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, आणि घरातल्या चमच्याने मोजू नये, कारण चमचे एका मापाचे नसतात.

प्रथमवर्ष :

नेमकी हीच चूक मी चाचणी परीक्षेत केली होती. बाटलीची तीव्रता प्रश्नातच दिलेली होती आणि मी वर्गातल्या उदाहरणातली तीव्रता गृहीत धरली. आता आणखी एक शंका. टक्क्यांत आणि गुणोत्तरात दिलेली तीव्रता मिलिग्रॅममध्ये कशी आणायची? बधिरतेसाठीचे लिडोकेन २ टक्के आणि आणीबाणीत द्यायचे अॅड्रेनलिन एकास हजार, या दोन्हींपुढे माझे डोके चालत नाही.

थेंबेथेंब :

द्रावणाच्या बाबतीत एक टक्का म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजेच १ मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. त्यामुळे टक्क्यांना दहाने गुणले की मिलिलीटरमागचे मिलिग्रॅम मिळतात, आणि २ टक्के लिडोकेनच्या प्रत्येक मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम निघतात. ०.९ टक्के सलाईनच्या एका लीटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, तेही याच हिशोबाने.

गुणोत्तरात पहिला आकडा ग्रॅमचा आणि दुसरा मिलिलीटरचा धरावा. एकास हजार म्हणजे १००० मिलिलीटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे १ मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम. एकास दहा हजार म्हणजे त्याचा दहावा हिस्सा, १ मिलिलीटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम. आकडा मोठा आणि द्रावण सौम्य, असा हा उलटा प्रकार असल्याने आणीबाणीच्या घाईत अनुभवी माणसेही चुकली आहेत, आणि म्हणूनच अमेरिकेत २०१६ पासून अशा एकद्रव्यी इंजेक्शनांच्या वेष्टनावरून गुणोत्तर काढून थेट मिलिलीटरमागचे मिलिग्रॅम छापायला लावले.

रात्रपाळी :

यात इन्सुलिनची भर घालते. इन्सुलिन मिलिग्रॅममध्ये मोजत नाहीत, युनिटमध्ये मोजतात. युनिट हे वजनाचे नव्हे तर परिणामाचे माप आहे, त्यामुळे इन्सुलिनचे युनिट आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचे युनिट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत आढळते, एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलीटरमध्ये १०० युनिट, आणि त्या दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलीटर. तीच सिरिंज शंभरच्या कुपीत घातली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली तर आत ५० युनिट येतात. सिरिंजवर २०, चिठ्ठीवर २०, आणि रुग्णाला अडीचपट इन्सुलिन. आम्ही म्हणूनच कुपी आणि सिरिंज दोन्ही दुसऱ्या परिचारिकेला दाखवल्याशिवाय इंजेक्शन देत नाही.

साशंक :

मिलिग्रॅमचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एक औषध १ मिलिग्रॅमचे आणि दुसरे ४० मिलिग्रॅमचे असेल, तर ४० मिलिग्रॅमचे औषध अधिक जोरदार असे म्हणता येईल का? रुग्ण तर तसेच समजतात.

खलबत्ता :

नाही म्हणता येणार, आणि विद्यार्थीही तसेच समजतात. लघवी वाढवणाऱ्या औषधांपैकी ब्युमेटानाइडचे १ मिलिग्रॅम साधारण फ्युरोसेमाइडच्या ४० मिलिग्रॅमइतके काम करते. थोड्या वजनात काम होणे याला औषधाची क्षमता म्हणावे, आणि जास्तीत जास्त किती परिणाम साधता येतो याला गुणकारिता. पहिल्याचा फरक मुख्यतः गोळीच्या आकारापुरता असतो. ‘गुण येतो की नाही’ हे दुसऱ्यावरून ठरते.

वेष्टनावरचे मिलिग्रॅम नेमके कशाचे आहेत, हेही पाहावे लागते. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. शुष्क फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असते. क्षाराचे वजन आणि मूलद्रव्याचे वजन यांत एवढे अंतर पडत असल्याने, दोन वेगळ्या क्षारांच्या गोळ्यांची तुलना करताना मूलद्रव्याचाच आकडा शोधावा.

प्रयोगशाळेतून :

मी प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाचा विद्यार्थी आहे. आम्हाला औषधे द्यायची नसतात, तरी ‘अर्धायुष्य’ शिकवले जाते. अर्धायुष्य आठ तास म्हणजे आठ तासांनी औषधाचा परिणाम संपतो, असे मी समजत होतो. माझ्या सहाध्यायाच्या मते ते चूक आहे.

खलबत्ता :

सहाध्यायी बरोबर आहे. अर्धायुष्य म्हणजे रक्तातील औषधाची पातळी निम्मी होण्यास लागणारा काळ. एका अर्धायुष्यानंतर निम्मे उरते, दोनांनंतर पाव, तीनांनंतर अष्टमांश, आणि पाच अर्धायुष्यांनंतर सुमारे तीन टक्के. म्हणून व्यवहारात पाच अर्धायुष्यांनी औषध शरीराबाहेर गेले असे मानतात. परिणाम किती काळ टिकतो हा वेगळा प्रश्न आहे. ओमेप्राझोलचे अर्धायुष्य तासाभराच्या आसपास असते, पण ते आम्ल तयार करणाऱ्या पंपालाच कायमचे बंद पाडते आणि नवा पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. त्यामुळे दिवसातून एकदा दिले तरी पुरते.

प्रयोगशाळेला हे का हवे, तर हाच हिशोब उलट्या दिशेनेही चालतो. ठरलेल्या मात्रेत औषध रोज घेत राहिल्यास पातळी स्थिर होण्यासही चार ते पाच अर्धायुष्ये लागतात. लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य साधारण सात दिवसांचे आहे, म्हणून मात्रा बदलल्यानंतर तपासणीसाठी सुमारे सहा आठवडे थांबतात. आठवड्याभरात काढलेल्या रक्ताचा आकडा अचूक असूनही निरुपयोगी ठरतो.

काही औषधांत लागू पडणारी पातळी आणि विषारी पातळी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. लिथियम (मनोविकारांसाठी), डिगॉक्सिन (हृदयासाठी), फेनिटॉइन (अपस्मारासाठी), वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून) ही त्यातली नेहमीची नावे, आणि या गुणाला ‘अरुंद उपचारमर्यादा’ असे म्हणता येईल. लिथियमची तपासणी शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी करतात आणि डिगॉक्सिनची किमान ६ तासांनी, कारण त्याआधी औषध रक्तातून ऊतींत पूर्ण पसरलेले नसते आणि पातळी खोटी वर दिसते. तेव्हा नमुन्यावर वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. औषध देण्याचे काम तुमच्याकडे नसले तरी ते दिल्याची वेळ विचारण्याचे काम तुमच्याकडे आहे.

व्यायामशाळा :

भौतिकोपचाराच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. आमच्याकडे ‘दुष्परिणाम’ हा शब्द सरसकट वापरला जातो आणि त्यामुळे अपेक्षित गोष्ट आणि धोक्याची गोष्ट एकाच पिशवीत पडतात. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाच्या नाडीचे ठोके व्यायामात अपेक्षेइतके वाढत नाहीत. तो औषधाचा ठरलेला परिणाम आहे, आणि हे न जाणणारा विद्यार्थी ‘अजून जोर लावा’ असे सांगत राहतो. अशा रुग्णांत आम्ही ठोक्यांऐवजी रुग्णाला श्रम किती जाणवतात यावर भर देतो. रक्तदाबाची औषधे घेणारा रुग्ण आडव्या स्थितीतून झटकन उभा राहिला की त्याला भोवळ येऊ शकते, हेही आम्ही आधीच विचारून ठेवतो. या सगळ्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत का?

खलबत्ता :

आहेत, आणि ते वेगळे ठेवणे उपयोगाचे आहे. औषध घेत असताना जी काही अनिष्ट गोष्ट घडते ती प्रतिकूल घटना. तिचा औषधाशी संबंध असेलच असे नाही. नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या औषधामुळेच झालेली, हानिकारक आणि हेतू नसलेली प्रतिक्रिया म्हणजे प्रतिकूल औषधप्रतिक्रिया. पार्श्वपरिणाम हा त्यातला सौम्य शब्द, मुख्य परिणामाच्या बरोबरीने येणाऱ्या आणि कधी कधी उपयोगीही पडणाऱ्या परिणामांसाठी. प्रतिक्रियांचेही दोन मोठे गट पडतात. दम्यासाठीच्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात हे औषधाच्या स्वभावातूनच येते, मात्रेनुसार वाढते, आणि आधी सांगता येते; पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी थोड्याशा मात्रेनेही होऊ शकते आणि तिच्यात मात्रा कमी करणे हा उपाय नसतो, औषध बंदच करावे लागते. ‘मला या औषधाची अॅलर्जी आहे’ असे रुग्ण म्हणतो तेव्हा नेमके काय झाले होते ते विचारून लिहावे, कारण मळमळ झाली होती की श्वास कोंडला होता यावर पुढचा सारा निर्णय ठरतो.

हे वर्गीकरण पुस्तकी वाटत असेल तर थॅलिडोमाइड आठवावे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत शामक म्हणून ते आले, गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले; त्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व अन्य व्यंगांसह जन्मली. वेगवेगळ्या ठिकाणच्या डॉक्टरांना एकेक बाळ दिसत होते आणि ते एकत्र मांडणारी व्यवस्था नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचा औषधप्रतिक्रियांच्या नोंदींचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९६८ मध्ये त्यातूनच उभा राहिला. पुढे हेच थॅलिडोमाइड कुष्ठरोगातील एका प्रतिक्रियेवर आणि मायलोमा या कर्करोगावर वापरात आले; त्या रुग्णांसाठी ते ‘निर्देशित’, म्हणजे देण्याजोगे, आहे आणि गरोदरपणात ते ‘वर्ज्य’ आहे. एकाच द्रव्याला हे दोन्ही शब्द लागतात, कारण ते औषधाचे नव्हे, औषध आणि रुग्ण यांच्या जोडीचे वर्णन करतात.

रात्रपाळी :

गोळ्यांच्या नावामागे येणाऱ्या एसआर, एक्सआर, सीआर या अक्षरांविषयीही कोणीतरी लिहायला हवे होते, म्हणून मीच लिहिते. या गोळ्यांतून औषध दिवसभर हळूहळू सुटावे अशी त्यांची रचना असते. गिळता येत नाही म्हणून अशी गोळी कुटून नळीतून दिली की दिवसभराचे औषध एकदम सुटते. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली गोळी कुटली तर तिचे आवरणच निकामी होते. कुटण्याआधी औषधालयाला विचारावे. बहुतेक वेळा त्याच औषधाचे द्रवरूप किंवा साधी गोळी मिळते.

निलंबन म्हणजे न विरघळलेले कण तरंगत असलेले द्रव. बाटली न हलवता दिली की सुरुवातीला वरचे पातळ जाते आणि शेवटी तळाचा गाळ. फेनिटॉइनच्या बाबतीत यामुळे आधी झटके येतात आणि नंतर विषबाधा होते. पाणी घालून तयार करायच्या प्रतिजैविकांच्या पावडरीवरची मुदत बंद बाटलीची असते. पाणी घातल्यावर ती काही दिवसांवर येते, आणि ते किती दिवस हे वेष्टनावर वेगळे दिलेले असते. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

आणि मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा असते. ते चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. त्यासाठी आम्ही ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता वाराचे नाव लिहितो आणि रुग्णाकडून तो वार वदवून घेतो.

प्रथमवर्ष :

थेंबेथेंब सरांनी दिलेल्या पद्धतीने मी स्वतःच एक उदाहरण घेतले आहे, कृपया तपासावे. ५०० मिलिलीटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीच्या संचावर ‘१ मिलिलीटर म्हणजे २० थेंब’ असे छापलेले आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार ४१.६७ येतो, म्हणून मी ४१.६७ थेंब दर मिनिटाला असे उत्तर लिहिले.

थेंबेथेंब :

गणित बरोबर आहे, परंतु ०.६७ थेंब कोणालाही मोजता येणार नाही; ४२ थेंब लिहावे. आणि संचावरचा आकडा तुम्ही आधी वाचलात हे चांगले केलेत, कारण मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांच्या, संचात १ मिलिलीटरचे ६० थेंब असतात आणि तिथे हेच उत्तर १२५ होईल.

रात्रपाळी :

१२५ थेंब डोळ्यांनी मोजणेही शक्य नाही, एवढे त्यात जोडते. तसे उत्तर आले तर संच बदलावा किंवा पंप लावावा.